माझ्या बातमीतला कापलेला परिच्छेद : संपादक मंडळास खुले पत्र

प्रति,
संपादक मंडळ,
आपला तंत्रज्ञानविषयक मासिक अंक

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ च्या अंकात, विंडोज १० च्या जुन्या कॉम्प्युटरचं पुढे काय करायचं याबद्दल, माझ्या नावाने एक बातमी छापून आली. तिच्यातला निम्मा मजकूर माझा आहे आणि मथळा माझा नाही. त्याबद्दल मी तुम्हाला दोनदा ई-मेल केला. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला एका ओळीचं आलं, की मजकुरात बदल करण्याचा अधिकार संपादकांनी राखून ठेवलेला आहे. तो अधिकार मला मान्य आहे. तुम्ही तो कसा वापरता याबद्दल बोलायचंय, आणि सगळ्या वाचकांसमोर बोलायचंय, कारण नुकसान त्यांचं झालंय.

आधी माझ्याबद्दल थोडं. अंबाजोगाईत मोंढ्याजवळ माझं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, ई-केवायसी, नवोदयच्या अर्जापासून पीक विम्यापर्यंत सगळं. माझ्या स्वतःच्या टेबलावरचा कॉम्प्युटर २००९ पासून लिनक्सवर चालतो, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या मुक्त सिस्टीमवर. आसपासच्या तीन गावांतल्या शाळांत मी एक रुपया न घेता लिनक्स टाकून दिलंय, मास्तरांना इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टाइप करायला शिकवलंय. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की मी मायक्रोसॉफ्टची वकिली करायला निघालोय असं कुणाला वाटू नये. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो ते, लोकांनी वापरावं हे तुमचं जे मत आहे तेच माझं आहे. म्हणूनच हे पत्र लिहिणं मला जड जातंय.

बातमी अशी होती. विंडोज १० चे सुरक्षेचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडच्या दुकानांत, शाळांत, छोट्या पतसंस्थांत ज्या मशीन आहेत त्यातल्या बऱ्याचशा पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निघालेल्या सेकंडहँड आहेत, चौथ्या-सहाव्या पिढीच्या. एसएसडी टाकली, रॅम वाढवली की त्या अजून पाच वर्षं चालतात. आणि ही मुदत आली कधी, तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन पाण्यात गेल्यावर. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही म्हणजे मोंढ्यात पैसा नाही, म्हणजे माझ्यासारख्याच्या दुकानात नवा कॉम्प्युटर घ्यायला कुणी येत नाही. जो येतो तो एकच विचारतो, "सर, आहे त्याच्यात भागंल का?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी लिहून पाठवलं होतं. पहिला मार्ग, विंडोज १० वरच राहून एक वर्षाची वाढीव सुरक्षा मुदत घेणं. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून मशीनच्या सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते, नाही तर त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर लागतात. दुसरा, मशीन थोडी नवी असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बघणं, कारण कित्येकदा टीपीएम मशीनमध्ये असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. तिसरा मार्ग लिनक्सचा. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिलं होतं, कारण ज्याचं काम ब्राउझरमध्येच चालतं त्याच्यासाठी तोच सगळ्यात चांगला आहे, हे मी आजही म्हणतो.

पण त्या तिसऱ्या मार्गाला लागून एक परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं : हार्डडिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून चार दिवस काम करून बघा. अंगठ्याचं मशीन वापरत असाल तर त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालते का ते आधी विचारा, माझ्या दुकानातल्या मशीनची चालत नाही. श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं जुनं काम असेल तर आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, आणा. फॉन्ट टाकला तर लिनक्सवर ती अक्षरं दिसतील, पण विंडोजवरचं टाइप करायचं सॉफ्टवेअर तिथे चालेलच असं नाही. आणि पेजमेकरवर छपाईचं काम करणाऱ्यांनी एक मशीन विंडोजवर ठेवाच.

हा परिच्छेद तुम्ही कापलात. पहिले दोन मार्गही कापलेत. वर मथळा दिलात, "विंडोजच्या जोखडातून सुटका, आजच लिनक्स टाका!" आणि खाली माझं नाव तसंच ठेवलंत.

आमच्या गल्लीच्या पलीकडे एक छपाईवाले आहेत. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दुकानांची कॅलेंडरं. माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे पेजमेकर ७.० आहे, म्हणजे २००१ सालचं सॉफ्टवेअर, आणि श्रीलिपी. पंधरा वर्षांच्या पत्रिका त्या एका मशीनमध्ये. त्यांचा धंदा त्या जुन्या फायलींवरच उभा आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच करा, गणपती तोच ठेवा, मामांची नावं तेवढी बदला. जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची, प्रिंट काढायची.

काका तुमचा अंक वाचतात. माझं नाव बघून विश्वासाने वाचला. माझ्याकडे यायला त्यांना संकोच वाटला, कारण मी त्यांच्याकडून पैसे घेत नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून शेजारच्या एका पोराला बोलावलं. त्या पोराने अंकात लिहिल्याप्रमाणे केलं, पूर्ण डिस्क पुसून लिनक्स टाकलं. दिवाळीच्या आठवड्यात काका सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन आले. तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला होतं, त्यानंतर लग्नसराई. तीन पत्रिकांचे ॲडव्हान्स त्यांनी घेतलेले.

मशीन चालू केली. पेनड्राइव्हवर एक-दोन जुन्या फायली होत्या, त्या उघडेनात. वर्डमध्ये केलेली एक पावती उघडली तर "श्री" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चौकोन. काका बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अक्षरं सगळी कचरा दिसायलीत की ओ. कामून असं झालं?" मी म्हणालो, काका, डिस्क पुसायच्या आधी मला विचारायचं तरी. ते म्हणाले, "तुमचंच वाचून केलं की हे."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो परिच्छेद त्यांना वाचवणार होता तो मी लिहिला होता, आणि तो त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. हे त्यांना कसं सांगणार? अंकात माझं नाव होतं.

चार रात्री बसून मी रिकव्हरी केली. काही फायली आल्या, पण नावं गेलेली. कुठली फाइल कुणाच्या घरची, हे एकेक उघडल्याशिवाय कळत नाही. डिस्कवर नवीन सिस्टीम बसली होती, त्यामुळे कितीतरी परतच आल्या नाहीत. तीनपैकी एक ॲडव्हान्स काकांनी परत केला. मशीनवर मी पुन्हा विंडोज टाकलं. ज्या माणसाने कधीतरी सावकाश, नीट तयारीनिशी लिनक्सकडे यायला हरकत नव्हती, तो आता आयुष्यात त्याचं नाव काढणार नाही. तुमच्या मथळ्याने तुमच्याच विचाराचं हे नुकसान केलंय.

एकाच बातमीवरून मी इतकं बोलत असतो तर तुम्ही म्हणाला असता, चूक झाली, जाऊ द्या. पण हे एकदा झालेलं नाही. मी जुने अंक काढून बसलो आणि दोन घटना शेजारी ठेवून बघितल्या. तुम्हीही बघा.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सदोष अपडेट सोडला आणि जगभरच्या सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चूक क्राउडस्ट्राइकच्या अपडेटची होती. तुमच्या अंकात मथळ्यात मायक्रोसॉफ्ट होतं आणि क्राउडस्ट्राइक चौथ्या परिच्छेदात. विंडोजच्या गाभ्यात बाहेरच्या कंपनीला इतका शिरकाव का, हा प्रश्न रास्त आहे, तो विचारायलाच हवा. पण त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमुळे त्याआधी काही लिनक्स मशीनही बंद पडल्या होत्या, हे तुम्ही कुठेच लिहिलं नाही.

आता त्याच वर्षातली दुसरी. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं, की एक्सझेड युटिल्स या फायली दाबून लहान करणाऱ्या, लिनक्सच्या जगात सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला आहे. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर, लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून तो माणूस खोदत गेला. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला होता, आणि मग घात केला. ते वेळेत सापडलं नसतं तर जगातल्या कितीतरी सर्व्हरांची दारं उघडी पडली असती. एकट्या, थकलेल्या, बिनपगारी माणसाच्या खांद्यावर केवढा डोलारा उभा असतो हे त्या बातमीतून आपल्या वाचकांना समजलं असतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूच्या माणसाला तर ती सगळ्यात महत्त्वाची बातमी. तुम्ही तिला सात ओळी दिल्या. आणि फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहेत, एवढी एक ओळ तुम्हाला देववली नाही. ती बातमी पाठवणाऱ्या वाचकाला मी ओळखतो. त्याच्या मूळ मजकुरात ती ओळ होती.

मायक्रोसॉफ्टवर राग का, हे मला समजतं. २००१ साली त्यांचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. आम्ही ते दिवस पाहिलेत. पण २०१६ मध्ये ती कंपनी लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली, २०१८ मध्ये तिने ७५० कोटी डॉलर मोजून गिटहब हे कोड ठेवायचं संकेतस्थळ घेतलं. याच्यात तिचा स्वार्थ किती, धोका किती, यावर भांडा ना. मलाही भांडायचंय. फक्त काय घडलं ते आधी वाचकाला सांगा.

तुम्ही पूर्वी असे नव्हतात. २०१५ च्या शेवटी फेसबुकने फ्री बेसिक्ससाठी, म्हणजे ठरावीक वेबसाइट फुकट देणाऱ्या योजनेसाठी, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या तेव्हाचा तुमचा अंक माझ्याकडे अजून आहे. त्यात एका बाजूला फ्री बेसिक्सचं म्हणणं होतं, गरिबाला काहीच इंटरनेट नाही त्यापेक्षा थोडं तरी मिळतंय ते वाईट का, असं. शेजारच्या रकान्यात विरोध होता, की कुठलं इंटरनेट स्वस्त आणि कुठलं महाग हे कंपनीने ठरवायचं नाही. आणि मधल्या चौकटीत, संपादकांची नावं घालून, तुमचं मत. मी तो अंक दुकानात आलेल्या कॉलेजच्या पोरांना वाचायला दिला. दोन दिवस वाद घातला त्यांनी. मग त्यांनी स्वतःच्या मनाने ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, ई-मेल लिहिले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला बंदी घातली, तेव्हा त्यातला एक पोरगा पेढे घेऊन आला होता. त्याला कुणी भरीला घातलं नव्हतं. दोन्ही बाजू वाचून तो एका बाजूला आला होता, म्हणून ती बाजू त्याची स्वतःची होती.

आमच्या घरी वडील 'मराठवाडा' दैनिक वाचायचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले अनंत भालेराव त्याचे संपादक. त्यांची मतं रोखठोक, आणि वडिलांना ती नेहमी पटायची असं नाही. वडील अग्रलेख उघडायचे, वाचता वाचता मोठ्याने वाद घालायचे, आणि मग पान उलटून बातम्या वाचायला घ्यायचे. बातम्यांशी वाद घालताना मी त्यांना पाहिलं नाही. संपादकाचं मत कुठे संपतं ते त्यांना पानावर दिसत होतं. तुमच्या अंकात मला ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जरा वेगळी, पण मूळ तेच. परभणीकडच्या एका मुलीने तुम्हाला ई-पीक पाहणीवर मजकूर पाठवला होता. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून फोनवर पिकाचा फोटो घ्यायचा, जीपीएसने गट नंबरची जागा जुळवायची, आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेलं हे काम. वयस्कर शेतकऱ्यांना ते शिकवताना कुठे अडतं, शेतात रेंज नसली तर काय करायचं, हे तिने स्वतः गावोगाव फिरून लिहिलं होतं. तुम्ही "हा विषय तंत्रज्ञानाचा नाही" म्हणून परत केलात. त्याच अंकात लिनक्सच्या एका परदेशी वितरणाच्या नव्या आवृत्तीच्या वॉलपेपरवर अर्धं पान होतं. सातबारा फोनवर येणं हे तंत्रज्ञान नाही तर काय आहे? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे, केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली, गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा, आणि आपल्या अंकात तिच्यावर एक धड लेख नाही. तुमच्या लढाईत जे बसत नाही ते तुम्हाला दिसेनासं झालंय.

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. तुमच्यापैकी दोघं जण संस्थांना लिनक्स बसवून देण्याचं काम मोबदला घेऊन करता. काम उत्तम आहे, त्याचा मोबदला घेतलाच पाहिजे, मीही दुरुस्तीचे पैसे घेतो. पण "आजच लिनक्स टाका" छापणाऱ्याचा त्या कामाशी संबंध आहे हे वाचकाला अंकात कुठे कळतं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्याला सांगितलंय, की विकणाऱ्याशी तुझा संबंध असेल तर तो उघड कर. तो नियम जाहिरातींचा आहे, तुमचा अंक जाहिरात नाही. पण बातमीने जाहिरातीपेक्षा कमी सचोटी ठेवावी असं तुम्हालाही वाटत नसणार. मजकुराखाली एक ओळ पुरते.

मला तुमच्याकडून तटस्थता नको आहे. बाजू घ्या, जोरात घ्या, मी तुमच्या बाजूनेच उभा राहीन. फक्त ती बाजू संपादकीयात, स्वतःच्या नावाने घ्या. वाचकाने पाठवलेल्या बातमीत अर्थ बदलणारी काटछाट करायची असेल तर छापण्याआधी त्याला एक फोन करा. त्याला मान्य नसेल तर बातमी छापू नका किंवा त्याचं नाव काढा. मथळा तुमचा असेल तर "मथळा : संपादक" एवढं लिहा. आणि चूक झाली की पुढच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच जागेत दुरुस्ती द्या. आत्तापर्यंत चुका पीडीएफमध्ये गुपचूप बदलल्या जातात. ज्याच्या व्हॉट्सॲपवर जुनी पीडीएफ आहे त्याला काहीच कळत नाही. काकांच्या फोनमध्ये आजही जुनीच आहे, मी बघितली.

या पत्रासोबत मी पाठवलेला मूळ मजकूर जोडतो आहे, तारखेसह. कापलेल्या परिच्छेदाला खूण केली आहे. तो एकशेदहा शब्दांचा आहे. पुढच्या अंकात तो जसाच्या तसा छापा, माझ्या नावाने. आमच्या भागात अजून कितीतरी जणांनी मशीनला हात लावलेला नाही, रोज दोन-चार जण विचारायला येतात, आणि त्यातले काही हातात तुमचा अंक घेऊन येतात.

आपला,
एक जुना वाचक आणि बातमीदार
अंबाजोगाई, जि. बीड